थ्रेशोल्ड किती ठेवू? पावलं मोजणाऱ्या सेन्सरबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनगटावर ॲक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) बांधलाय, सेकंदाला 50 सॅम्पल म्हणजे मोजमापं घेताय, तिन्ही अक्षांचा मिळून मॅग्निट्यूड म्हणजे एकूण जोर काढताय आणि तो 1.2 जी च्या वर गेला (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग) की एक पाऊल धरताय. तुम्ही स्वतः चाललात की 100 ला 98-99 येतात, पण आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून चालतायत त्यांची 100 पैकी जेमतेम 30 पकडली जातात, आणि वर त्या खुर्चीत बसून हाताने काही करत असल्या की आकडा आपोआप वाढत जातो. तर थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर गेलं की पाऊल धरायचं ती मर्यादा, किती ठेवायचा?

सरळ सांगते, असा आकडा नाहीच. खाली आणाल तर खुर्चीतली खोटी पावलं वाढतील, वर न्याल तर आईंची आहेत तीही जातील. मी बरीच वर्षं चालण्याच्या सेन्सरवर काम करतेय, त्यातली निम्मी हळू चालणाऱ्या, लंगडणाऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या लोकांबरोबर गेली, आणि सुरुवातीला मीही महिनोन्महिने थ्रेशोल्डच फिरवत बसले होते. प्रश्न तिथे नसतोच. आधी सेन्सर कुठे बांधायचा ते ठरवायचं, मग माणूस आत्ता चालतोय का हे ओळखायचं, आणि पावलं मोजायचं काम सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात.

आधी हे बघा की आईंची पावलं गायब का होतात, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. ॲक्सेलरोमीटर टेबलावर नुसता ठेवला तरी 1 जी दाखवतो, गुरुत्वाकर्षण त्यात धरलेलंच असतं. आपण चालतो तेव्हा टेकलेल्या पायावरून शरीर वर चढतं आणि पुढच्या पायावर खाली येतं, उलटा लंबक म्हणा हवं तर, आणि कंबर दर पावलाला एकदा साधारण 4-5 सेंटीमीटर वरखाली होते. आता गंमत अशी की प्रवेग हा नुसत्या अंतरावर नाही तर वारंवारतेच्या वर्गावर अवलंबून असतो. सेकंदाला 1.8 पावलं आणि 5 सेंटीमीटर वरखाली, याचा हिशोब केला तर साधारण 0.33 जी चा चढउतार येतो. आईंची चाल धरा सेकंदाला 0.9 पावलं आणि शरीर वरखाली होतं त्याच्या निम्मं, तर उत्तर येतं 0.04 जी. वेग निम्मा झाला पण सिग्नल आठपट बारीक झाला! आणि स्वस्तातल्या सेन्सरमध्ये शून्याचीच चूक 40-50 मिली-जी (म्हणजे 0.04-0.05 जी) असणं अगदी सामान्य आहे, म्हणजे आईंचं पाऊल आणि सेन्सरची जन्मजात चूक एकाच मापाची. (प्रत्यक्षात टाच आपटल्याचा झटका याच्यावर असतो, पण वॉकरवर भार असला की तोही मऊ होतो.) त्यामुळे 1.2 जी च्या कुंपणावरून त्यांचं पाऊल उडी मारणार तरी कसं.

ही अडचण जुनीच आहे. जपानमध्ये 1965 साली यामासा कंपनीने 'मान्पो-केई' नावाचा पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजायचं यंत्र, काढला, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर, आणि 10,000 चा आकडा तिथूनच जगभर पसरला. नंतर संशोधनात खूप वापरलं गेलेलं यामॅक्सचं एसडब्ल्यू-200 हे पेडोमीटर घ्या, त्यात आत स्प्रिंगवर टांगलेली एक दांडी असते आणि साधारण 0.35 जी च्या वर झटका बसला तरच ती हलते. नेहमीच्या चालीत उत्तम, हळू चालीत पावलं सुटतात, हे कित्येक अभ्यासांत दिसलेलं आहे. तुम्ही दांडी काढून चिप घातलीत पण नियम तोच ठेवलात.

आता मनगटाचं बघू, कारण इथे आणखी एक घोळ आहे. हात हा लंबकासारखा हलतो, एकदा पुढे एकदा मागे, आणि तेवढ्या वेळात पावलं दोन पडतात. म्हणजे पुढे-मागेच्या अक्षावर बघाल तर तुम्हाला दोन पावलांचं एक आवर्तन दिसेल. पण मॅग्निट्यूडमध्ये बघाल तर हात खालच्या टोकावरून जाताना वेग सगळ्यात जास्त असतो, तेव्हा बाहेर ओढणारं बल जास्त, आणि असं एका आवर्तनात दोनदा होतं, म्हणजे पुन्हा दर पावलाला एक पीक (आलेखातला उंचवटा). त्याच्यात शरीराचं वरखाली होणं मिसळतं. हात खिशात घातला की हे सगळं गायब, फक्त शरीराचं उरतं. मोबाईल हातात धरून वाचत चाललं की तसंच. त्यामुळे मनगटावरचं यंत्र कधी निम्मी पावलं दाखवतं कधी दुप्पट, आणि करणारा म्हणतो सेन्सर खराब आहे. सेन्सर बिचारा बरोबरच सांगत असतो, आपण एक पाऊल आणि दोन पावलांचं आवर्तन यांची गल्लत केलेली असते.

आणि वॉकर धरला की मनगट दांडीला चिकटलेलं, हलणारच नाही. फ्रेम उचलून पुढे ठेवली की एक झटका येतो, तोच तुमच्या 30 मधला बराचसा भाग असणार असं मला वाटतं, म्हणजे ती 30 सुद्धा पावलं नाहीतच! सामानाची ढकलगाडी किंवा बाळाची गाडी ढकलणाऱ्या धडधाकट माणसाचंही हेच होतं.

म्हणून आईंसाठी माझं स्पष्ट मत, मनगट सोडा. घोट्याच्या थोडं वर, नडगीच्या बाहेरच्या बाजूला बांधा, आणि जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) असलेली चिप घ्या. पाय कितीही हळू उचलला तरी पुढे टाकताना नडगी फिरतेच, त्याशिवाय पाऊल पडतच नाही, मग चाल कितीही मंद असो. साधारण चालीत हा फिरण्याचा वेग सेकंदाला 300 अंशांच्या आसपास जातो, हळू चालीत 100 ते 200, म्हणजे इथे सिग्नल आठपट पडत नाही, निम्म्यावर किंवा फारतर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दर झोकाला एक स्वच्छ गोल टेकडी दिसते, पहिल्यांदा तो आलेख बघाल ना तर वाटेल की इतके दिवस मनगटाच्या खडबडीत रेषांशी कशाला झगडत होतो. फक्त एक जोड द्या, टेकडीनंतर पाय जमिनीवर स्थिर झाला का ते बघा, म्हणजे जायरो शून्याजवळ आणि ॲक्सेलरोमीटर 1 जी जवळ थोडा वेळ राहिला पाहिजे. नाहीतर खुर्चीत बसून पाय हलवला की तेही पाऊल.

तोटे दोन. जायरोला ॲक्सेलरोमीटरपेक्षा कितीतरी पट जास्त करंट लागतो, मायक्रोअँपचं काम मिलीअँपच्या जवळ जातं, म्हणून ॲक्सेलरोमीटर कायम जागा ठेवायचा आणि हालचाल दिसली की मगच जायरो उठवायचा. दुसरा असा की एकाच पायावर सेन्सर म्हणजे तुम्ही आवर्तनं मोजताय, पावलं त्याच्या दुप्पट धरायची. प्रत्येक वेळी उठून चालून थांबण्यात एखादं पाऊल इकडेतिकडे होऊ शकतं, आणि आजारी माणूस दिवसात 60 वेळा उठून चार-चार पावलं चालत असेल तर ते जाणवतं. पण 30 टक्के पकडण्यापेक्षा हे हजारपट बरं.

बरं, तुमच्यासाठी किंवा इतर धडधाकट लोकांसाठी मनगटच ठेवायचं असेल तर मी कसं करते ते सांगते.

मॅग्निट्यूड काढताय ते चांगलंच आहे, घड्याळ कसंही फिरलं तरी फरक पडत नाही. पण त्यातून गुरुत्वाकर्षणाचे 9.81 (म्हणजे 1 जी) वजा करू नका, वर म्हटलं तशी शून्याची चूक प्रत्येक चिपमध्ये वेगळी असते, त्यापेक्षा चालू सरासरी वजा करा किंवा 0.5 हर्ट्झच्या (सेकंदाला अर्धं आवर्तन) आसपासचा हाय-पास, म्हणजे त्याहून संथ बदल गाळणारा फिल्टर, लावा. वरच्या बाजूला लो-पास, म्हणजे त्याहून वेगवान बदल गाळणारा, 4 हर्ट्झच्या जवळपास. काही जण 2.5 किंवा 3 ठेवतात आणि चालण्याला ते पुरतं, पण माणूस धावायला लागला की मिनिटाला 170-180 पावलं म्हणजे जवळपास 3 हर्ट्झ, आणि तुमचा फिल्टर धावपटूलाच कापून टाकतो.

मग दर सेकंदाला मागच्या 5-6 सेकंदांची विंडो, म्हणजे डेटाचा तुकडा, घेऊन ऑटोकोरिलेशन काढायचं. म्हणजे सिग्नल स्वतःवरच थोडा थोडा सरकवून ठेवायचा आणि कुठल्या सरकवण्याला तो स्वतःशी सगळ्यात जास्त जुळतो ते बघायचं. चालणं हे मुळात पुन्हा पुन्हा तेच आहे, म्हणून चालताना हा आकडा चांगला उंच येतो, 0.6-0.7 च्या वर सहज. वाहनात बसल्यावरचे खड्डे मोठे झटके देतात पण त्यांना लय नसते, आकडा पडतो. हातवारे करत बोलणं, वस्तू उचलून ठेवणं, सगळं इथे गळतं. विंडो 2 सेकंदांची ठेवू नका, हळू चालणाऱ्याचं एक पूर्ण आवर्तनच सव्वादोन-अडीच सेकंदांचं असतं, एका आवर्तनात लय दिसणार कुठून, निदान दोन तरी मावली पाहिजेत.

इथेच निम्मे-दुप्पटचा घोळही सोडवता येतो. सगळ्यात उंच जुळणी समजा 1.1 सेकंदावर आली. लगेच 1.1 हे पाऊल धरू नका, त्याच्या निम्म्यावर म्हणजे 0.55 वर पण बऱ्यापैकी टेकडी आहे का बघा. असेल तर पाऊल 0.55 चं आणि 1.1 हे दोन पावलांचं आवर्तन. नसेल तर माणूस खरंच हळू चालतोय. लंगडणाऱ्या माणसात डावं-उजवं सारखं नसतं म्हणून निम्म्यावरची टेकडी बुटकी येते, तिथे नियम जरा सैल लागतो, आणि खरं सांगू का, त्या दोन टेकड्यांचं गुणोत्तर हे चाल किती सम आहे याचं मोजमापच आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यागणिक ते सुधारताना बघणं हे पावलांच्या आकड्यापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं.

घासणं, ढवळणं अशी लयबद्ध हाताची कामं मात्र ऑटोकोरिलेशनलाही फसवतात. तिथे दोन गोष्टी कामी येतात. एक म्हणजे वेग, दात घासताना हात बरेचदा सेकंदाला 3-5 वेळा हलतो, चालण्याच्या पट्ट्याच्या बाहेर. दुसरी म्हणजे हाताची दिशा, गुरुत्वाकर्षणाचा रोख बघून कळतं की हात खाली लोंबतोय की कोपरात वाकवून वर धरलाय. फक्त दिशेवर शंभर टक्के विसंबू नका, मोबाईल वाचत चालणाऱ्याचा हातही वरच असतो.

लय सापडली, आता कुठे पीक मोजायचे. थ्रेशोल्ड ठेवाच, पण ठोकळा नको, मागच्या काही सेकंदांच्या चढउताराच्या प्रमाणात तो वरखाली होऊ द्या. आणि दोन पिकांमधलं कमीत कमी अंतर 0.25-0.3 सेकंद असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं ते हळू चालीला घातक आहे. एका पावलात टाच टेकण्याचा एक आणि चवडा रेटण्याचा एक असे दोन उंचवटे येऊ शकतात, हळू चालीत ते 0.4-0.5 सेकंद लांब पडतात, 0.3 चा नियम दोन्ही मोजतो. त्यापेक्षा ऑटोकोरिलेशनने पावलाचा काळ आधीच सांगितलाय ना, त्याच्या 60 टक्के हे किमान अंतर ठेवा. चाल 1.1 सेकंदांची असेल तर 0.66 सेकंद, तुमची 0.55 ची असेल तर 0.33. आपोआप.

बाजारातली बरीच यंत्रं सलग 8-10 पावलं लयीत दिसल्याशिवाय मोजायला सुरुवात करत नाहीत, दिसली की मागची एकदम जोडतात. कल्पना चांगली आहे, खोटी पावलं खूप कमी होतात. पण घरातल्या घरात चार पावलं जाऊन थांबणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस यात शून्य होऊ शकतो. आईंच्या यंत्रात ही अट 3-4 पावलांवर, म्हणजे घोट्यावरच्या एक-दोन आवर्तनांवर आणा. मनगटावर हे परवडत नाही, घोट्यावर परवडतं, म्हणून पण घोटाच.

सेटिंगच्या दोन-तीन चुका, पटकन. रेंज (सेन्सर जास्तीत जास्त किती मोजेल ते) ±2 जी ठेवली तर पायावर टाच आपटताना सिग्नल छताला लागतो आणि पिकाचं डोकं सपाट होतं, पायावर ±8 किंवा ±16 ठेवा. सॅम्पल 50 हर्ट्झला ठरवले म्हणजे ते 20-20 मिलीसेकंदांनीच येतात असं गृहीत धरू नका, विशेषतः मोबाईलवर ते पुढेमागे होतात, टाइमस्टॅम्प बघून समान अंतरावर आणून घ्या. आणि लॅपटॉपवर फिल्टर पुढून-मागून दोन्हीकडून फिरवलेला असेल तर ते घड्याळात शक्य नाही, तिथे पुढचा डेटा अजून आलेलाच नसतो, मग लॅपटॉपवर 99 आणि मनगटावर 91 येतात आणि कारण सापडत नाही. यात माझे एकदा तीन आठवडे गेलेत.

चिपमध्येच तयार स्टेप काउंटर असतो, तो वापरू का असंही तुम्ही विचारलंय. बॉशच्या बीएमआय 270 मध्ये आहे, एसटीच्या एलएसएम6 मालिकेत आहे, ॲन्ड्रॉइडमध्ये 4.4 पासून त्यासाठी वेगळा सेन्सरच आहे (तो फोन चालू झाल्यापासूनची एकूण पावलं देतो आणि आकडा यायला 10 सेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो, हे माहीत नसलं की पहिल्याच चाचणीत माणूस गोंधळतो). बॅटरी नगण्य खातो, साध्या वापराला खुशाल घ्या. पण हळू चालीसाठी नाही, कारण आत काय चाललंय ते बदलायला फारच थोडी बटणं हातात असतात आणि कच्चा डेटा जपला नाही तर चूक कुठे झाली ते शोधताच येत नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, म्हणजे बरोबर आलं हे ठरवायचं कसं. तुम्ही लिहिलंय की स्वतःची 100 पैकी 98-99 येतात. कुठे चाललात, सरळ मोकळ्या जागेत, एका वेगात, मोजत मोजत. तसं कोणीच चालत नाही. आणि नुसती बेरीज जुळणं म्हणजे हिशोब बरोबर असणं नाही. समजा माणूस 500 पावलं चालला आणि यंत्राने 497 दाखवली, अर्ध्या टक्क्याचीच चूक, छान. पण आत बघितलं तर 90 खरी पावलं सुटलेली आणि हाताच्या हालचालींची 87 खोटी घुसलेली, आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकलंय. हाच माणूस उद्या कमी चालून जास्त हातकाम करेल तेव्हा आकडा कुठल्या कुठे जाईल. आमच्या एका जुन्या यंत्राचं अगदी हेच झालं होतं, दिवसाचा ताळा इतका सुंदर जुळायचा की व्हिडिओ समोर ठेवून एकेक पाऊल तपासायचं कोणाच्या मनातच आलं नाही, आणि ते तसंच लोकांच्या हातात गेलं. आकडा वाढला म्हणून माणूस बरा होतोय असं समजणारे लोक होते ते. अजून टोचतं.

म्हणून पाऊल ते पाऊल जुळवा. मोबाईलवर पायांचा व्हिडिओ घ्या, दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक पावलाची वेळ टिपा, दोघांचं जिथे जुळत नाही तिथे परत बघा. मग यंत्राने किती खरी पकडली आणि जी मोजली त्यातली किती खरी होती, हे दोन आकडे वेगळे ठेवा, एकात मिसळू नका. व्हिडिओ आणि सेन्सरचं घड्याळ जुळवायला सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर तीनदा पाय जोरात आपटायचा, आणि शेवटी पुन्हा तीनदा. शेवटचं लोक विसरतात. साध्या क्रिस्टलचं घड्याळ 20 पीपीएमने (दहा लाखांत 20) चुकलं तरी दिवसात पावणेदोन सेकंद सरकतं, तेवढ्यात दोन-तीन पावलं होतात आणि सगळी जुळवणी बिघडते.

पावलाची व्याख्याही आधी लिहून काढा. जागच्या जागी वळताना पाय सरकवला तर पाऊल का? बाजूला एक पाय घेतला तर? वॉकरबरोबर पाय नुसता घासत पुढे आला तर? उत्तर काहीही असो, मोजणाऱ्या दोघांचं एकच पाहिजे. सरासरी काढताना वजा-अधिक एकमेकांत जिरवू नका, प्रत्येक वेळची चूक टक्क्यात, चिन्ह काढून, मग सरासरी. जपानच्या पेडोमीटरच्या औद्योगिक मानकात 100 पावलांत 3 पर्यंतची चूक चालते, तो पल्ला मोकळ्या चालीला ठीक आहे, पण आईंच्या घोट्यावर 5 टक्क्यांच्या आत आलात तरी मी खूप खूश होईन.

मशीन लर्निंगचं विचाराल तर हो, चालतंय की नाही हे ओळखायला छोटं न्यूरल नेटवर्क चांगलं काम करतं. फक्त एकाच माणसाचा डेटा शिकवण्यात आणि तपासण्यात दोन्हीकडे घेऊ नका, नाहीतर मॉडेल त्या माणसाची चाल पाठ करतं. दर वेळी एक अख्खा माणूस बाहेर ठेवून तपासा. आणि धडधाकट तरुणांवर शिकवलेलं मॉडेल आईंना चालेल असं अजिबात समजू नका.

तर आत्ता कोडला हात लावू नका. एक सेन्सर घोट्यावर, एक मनगटावर, दोन्हीचा कच्चा डेटा आणि पायांचा व्हिडिओ, असं आईंचं 20 मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. त्यांना थकवू नका, पाच-पाच मिनिटांचे तुकडे चालतील, त्यात बसणं, उठणं, वळणं, दोन पावलं जाऊन थांबणं, बसून हाताने काम करणं सगळं येऊ द्या, आणि पहिले काही दिवस सोबत कोणीतरी चालत राहा, पट्टा घट्ट झाला तर ऑपरेशनच्या पायाला सूज असताना त्रास होतो म्हणून सेन्सर दुसऱ्या पायावरच बांधा. मग घोट्याच्या जायरोचा आलेख व्हिडिओशेजारी लावून बघा.

त्या टेकड्या दिसल्या नाहीत तर चिप उलटी-आडवी बसलीय का ते आधी तपासा, बहुतेक वेळा चुकीच्या अक्षाकडे बघत असतो आपण.